क्वीन्समध्ये राहायला जाताय? जॅक्सन हाइट्स, फ्लशिंग की फ्लोरल पार्क

न्यूयॉर्कला नोकरी लागली, मॅनहॅटनची भाडी पाहून झाली, की ईस्ट रिव्हरपलीकडचं क्वीन्स डोळ्यांसमोर येतं. ‘तिकडे आपली माणसं खूप आहेत’ असंही कुणीतरी सांगतंच, आणि ते खरं आहे. पण २०२० च्या जनगणनेत या बरोची (न्यूयॉर्क शहराच्या पाच मोठ्या विभागांपैकी एकाची) लोकसंख्या २४ लाखांच्या वर भरली आणि त्यातली जवळपास निम्मी माणसं अमेरिकेबाहेर जन्मलेली आहेत. एवढ्या पसाऱ्यात नुसतं ‘क्वीन्स’ म्हणून घर शोधायला निघालात तर गोंधळ उडणारच. चार स्टेशनं पुढे गेलं की दुकानांच्या पाट्यांवरची लिपी बदलते आणि ऑफिसला पोचायचा वेळही बराच वाढतो.

भारतीय कुटुंबं घर शोधताना तीन नावं हमखास घेतात: जॅक्सन हाइट्स, फ्लशिंग आणि पार पूर्व टोकाचं फ्लोरल पार्क. माझं मत आधीच सांगून टाकते. ऑफिस मॅनहॅटनमध्ये असेल आणि गाडी नसेल, तर जॅक्सन हाइट्स. मुलं शाळेच्या वयाची असतील आणि गाडी घ्यायचीच असेल, तर फ्लोरल पार्क. फ्लशिंग ज्यांना आवडतं त्यांना मनापासून आवडतं, पण तिथली गर्दी स्वतः अनुभवल्याशिवाय करार करू नका.

रोजचा प्रवास

जॅक्सन हाइट्सचं रूझवेल्ट ॲव्हेन्यू-७४ स्ट्रीट हे स्टेशन म्हणजे इथला हुकमी एक्का. सबवेच्या म्हणजे शहरी रेल्वेच्या ७, ई, एफ, एम आणि आर अशा पाच गाड्या एकाच ठिकाणी मिळतात. त्यामुळे एक मार्ग बंद पडला तरी (आणि शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी तो बंद पडतोच) दुसरा हाताशी असतो. ई एक्स्प्रेसनं मिडटाउन, म्हणजे मॅनहॅटनचा मधला ऑफिसांचा भाग, वीस-पंचवीस मिनिटांवर आहे.

फ्लशिंगहून ७ नंबरला साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. पण ती गाडी तिथूनच सुटते, म्हणजे सकाळी बसायला जागा मिळते. शिवाय लाँग आयलंड रेल रोडचं स्टेशन आहे. शहराच्या हद्दीतल्या प्रवासासाठी तिथे ‘सिटीतिकीट’ नावाचं स्वस्त तिकीट मिळतं, आणि मॅनहॅटनमधलं पेन स्टेशन गाठायला सबवेपेक्षा बराच कमी वेळ लागतो.

फ्लोरल पार्कला सबवे नाही. हिलसाइड ॲव्हेन्यूवरून बसनं जमैका-१७९ स्ट्रीटला यायचं आणि तिथून एफ पकडायची. सगळं मिळून तास-सव्वा तास सहज जातो. बसबद्दल जुन्या ओळखीच्यांनी दिलेली माहिती तपासून घ्या, कारण २०२५ च्या उन्हाळ्यात क्वीन्सच्या बसमार्गांची सगळी फेररचना झाली. आणखी एक मेख अशी की फ्लोरल पार्क नावाचं रेल्वे स्टेशन शहराच्या हद्दीबाहेर, नॅसॉ काउंटीत आहे. तिथे सिटीतिकीट चालत नाही. हद्दीच्या आत हवं असेल तर क्वीन्स व्हिलेज स्टेशन गाठावं लागतं.

हीच हद्द घराच्या जाहिरातीतही नीट बघावी लागते. फ्लोरल पार्क या एकाच नावाचे दोन भाग शेजारी-शेजारी आहेत: एक न्यूयॉर्क शहरातला, दुसरा नॅसॉमधलं स्वतंत्र गाव. रस्ता ओलांडला की शाळा, पोलीस, मालमत्ता कर आणि मिळकत कर सगळंच बदलतं.

वस्ती आणि वातावरण

जॅक्सन हाइट्सच्या ७४ स्ट्रीटवर सोन्याची दुकानं, साड्या, मिठाई, भारतीय किराणा हे सगळं आहे. पण आता ही वस्ती भारतीयांपुरती राहिलेली नाही. शेजारच्या ७३ स्ट्रीटवर बांगलादेशी दुकानं, कोपऱ्यावर तिबेटी आणि नेपाळी मोमो, आणि रूझवेल्ट ॲव्हेन्यूवर पाऊल टाकलं की कोलंबिया-इक्वाडोरची स्पॅनिश. मला हेच जॅक्सन हाइट्सचं मोठं बळ वाटतं: इथे नवखं असण्याचं कुणाला अप्रूप नाही. मात्र रूझवेल्ट ॲव्हेन्यूच्या डोक्यावरून ७ नंबर लोखंडी पुलावरून धावते. त्या रस्त्याला लागून खिडकी असेल तर गाडी जाताना फोनवरचं बोलणं थांबवावं लागतं, रात्रीसुद्धा. दोन रस्ते उत्तरेला, ३५ किंवा ३४ ॲव्हेन्यूकडे सरकलात की चित्र पार पालटतं. विटांच्या जुन्या इमारती, आणि बाहेरून दिसतही नाही अशी अख्ख्या ब्लॉकच्या पोटातली सामायिक बाग. १९१० नंतरच्या काळात बांधलेल्या या गार्डन अपार्टमेंट्समुळेच १९९३ मध्ये या भागाला ऐतिहासिक वस्तीचा दर्जा मिळाला. यातली पुष्कळ घरं को-ऑपची आहेत, म्हणजे विकत घेताना घर नव्हे तर संस्थेचे शेअर्स घ्यायचे. संस्थेचं मंडळ तुमची मुलाखत घेतं, आणि पुढे घर भाड्यानं द्यायचं तर त्यावरही निर्बंध असतात.

आईबाबा भारतातून येऊन काही महिने राहणार असतील, तर बहुतेक जण मोठं घर म्हणून फ्लोरल पार्ककडे वळतात. मी उलट सुचवेन. तिथे गाडीशिवाय पाय मोकळे करायला जाण्यासारखं फारसं काही नाही. मुलगा-सून कामावर गेली की दिवसभर चार भिंती. जॅक्सन हाइट्सला ३४ ॲव्हेन्यूचे २६ ब्लॉक दिवसा गाड्यांना जवळपास बंद असतात. तिथे सकाळी फेरी मारता येते, बाकावर बसलेलं कुणीतरी हिंदी बोलणारं भेटतं आणि कोथिंबीर-मिरच्या घेऊन एकट्यानं घरी परतता येतं.

फ्लशिंग मुख्यतः चिनी आणि कोरियन. बाउन स्ट्रीटवरचं गणपतीचं देऊळ, ज्याची प्रतिष्ठापना १९७७ मध्ये झाली, ते इथंच. तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा मिळतो, आणि गणेशोत्सवात रथ रस्त्यावर निघतो. पण देवळाच्या ओढीनं घर घेऊ नका; देऊळ रविवारी कुठूनही गाठता येतं.

घर, कागद आणि पैसे

सर्वांत कळकळीनं सांगायचं ते इथे. क्वीन्समध्ये दुमजली घरांची तळघरं भाड्यानं देण्याची सर्रास पद्धत आहे आणि त्यांतली कितीतरी बेकायदा आहेत. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या पावसात शहरात अशा तळघरांमध्ये ११ माणसं दगावली, बहुतेक क्वीन्समधलीच. निम्म्याहून जास्त उंची जमिनीखाली असेल तर त्याला ‘सेलर’ म्हणतात, आणि एक-दोन कुटुंबांच्या घरातलं सेलर शहराच्या खास परवानगीशिवाय राहायला भाड्यानं देता येत नाही. शहराच्या इमारत विभागाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून ‘सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी’, म्हणजे इमारतीच्या वापराचा परवाना, फुकट पाहता येतं. त्यात लिहिलेल्या कुटुंबांपेक्षा दारावरच्या घंट्या जास्त दिसल्या, तर कितीही स्वस्त असलं तरी पुढे चला.

पत्ता वाचायचीही इथली एक रीत आहे. ३७-२० असा आकडा असेल तर ३७ हा जवळचा आडवा रस्ता आणि २० हा घराचा क्रमांक. ६० ॲव्हेन्यू, ६० रोड आणि ६० ड्राइव्ह हे तीन वेगळे रस्ते आहेत. घर बघायला जाताना शेवटचा शब्द चुकवू नका.

मोठ्या इमारतींचे मालक साधारणपणे महिन्याच्या भाड्याच्या ४० पट वार्षिक उत्पन्न मागतात. म्हणजे २,५०० डॉलरच्या घरासाठी १,००,००० डॉलर. नव्यानं आलेल्याचा क्रेडिट स्कोअर नसतो, तेव्हा जामीनदार मागतात, बहुतेकदा ८० पट उत्पन्नाचा. या अडचणीचा फायदा घेऊन कुणी सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं तर ठाम नकार द्या. २०१९ च्या कायद्यानुसार अनामत एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि अर्जाची फी २० डॉलरच्या वर जात नाही. ११ जून २०२५ पासून दलालाला ज्यानं नेमलं त्यानंच त्याचे पैसे द्यायचे आहेत. मालकाच्या दलालानं तुमच्याकडे हात पसरला तर हा नियम दाखवा.

‘मग जर्सी सिटी का नको?’ हा प्रश्न येतोच. न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्याला राज्याच्या कराशिवाय शहराचा मिळकत कर पडतो, साधारण ३ ते ३.९ टक्के. हडसन नदीपलीकडे, जर्सी सिटी ज्या राज्यात आहे त्या न्यू जर्सीत तो नाही, मात्र न्यूयॉर्क राज्याचा कर इथल्या नोकरीवर द्यावाच लागतो. मोठ्या पगारावर हा फरक डोळ्यांत भरतो. पण गाडी, तिचा विमा आणि पार्किंगही त्या हिशेबात धरा.

शाळेचं थोडक्यात. पत्त्यावरून शाळा ठरते, म्हणून सही करण्याआधी नेमका घर क्रमांक टाकून कोणती शाळा येते ते पाहा. फ्लोरल पार्कचा शहरातला भाग २६ क्रमांकाच्या शालेय जिल्ह्यात येतो आणि त्याचं नाव चांगलं आहे, कुटुंबं लांबचा प्रवास सोसतात ती त्यापायीच. जॅक्सन हाइट्सच्या बाजूला शाळांतल्या गर्दीची तक्रार जुनी आहे. दिवाळीची सुट्टी आता शहरातल्या सगळ्याच सरकारी शाळांना आहे.

घर शक्यतो थंडीत बघा. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात बाहेरचं तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं, तर दिवसा घरात किमान ६८ अंश ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, आणि रात्री बाहेर कितीही असो, ६२. रेडिएटरला हात लावून पाहा, आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू जिन्यात भेटले तर गेल्या जानेवारीत घर उबदार होतं का ते विचारा. नंतर हीटिंग बंद पडलं तर ३११ या शहराच्या तक्रार क्रमांकावर फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवा.