पिकअप नऊ महिने वापरली: 1.7 टन म्हणजे नक्की किती माल बसतो?

गाडी घेऊन नऊ महिने झाले, 23 हजार किमी झालं, बहुतेक सगळं नारायणगाव ते वाशी टोमॅटोचं आणि सीझन नसला की भाड्याने सिमेंट, सळई, पाणी, जे मिळेल ते. इंजिन, सीट, ओढ यावर लिहीत बसत नाही, सगळं बरं आहे, अ‍ॅव्हरेज भरल्या गाडीला 12 च्या आसपास पडतं. मला वजनाबद्दल लिहायचंय कारण पहिले चार महिने मी गाडी चुकीची भरत होतो आणि मला वाटत होतं मी हिशोबातच भरतोय.

शोरूममधे सांगितलं 1.7 टनी गाडी. मी धरलं 1700 किलो माल. टोमॅटोचं क्रेट 20 किलोचं, म्हणजे 75 क्रेट भरले की 1500 झाले, वर 200 शिल्लक, मस्त. आमच्याकडे सगळेच असं मोजतात. पण मार्केटमधे 20 किलोचा भाव होतो तो नुसत्या मालाचा, क्रेटचं स्वतःचं वजन दीड-दोन किलो वेगळं, आणि शेतावर भरताना शीग लावूनच (काठाच्या वर ढीग करून) भरतात त्यामुळे बऱ्याच वेळा क्रेट 24 किलोला जातं. 75 गुणिले 24... म्हणजे 1800 किलो झाले ना. हे मला चार महिन्यांनी कळलं.

दुसरी गोष्ट आरसी बुकात आहे पण कोण वाचत नाही. माझ्या आरसीवर अनलेडन वेट (रिकाम्या गाडीचं वजन) 1780 आणि ग्रॉस (मालासकट जास्तीत जास्त वजन) 3490, दोन्हीतला फरक 1710, तोच तो 1.7 टन. पण अनलेडन वेटमधे ड्रायव्हर आणि क्लीनर धरत नाहीत, कायद्यातच तसं आहे. आणि गाडी हातात आल्यावर मी हौद्यात तळाला 3 एमएमची चेकर्ड प्लेट टाकून घेतली, वर लोखंडी जाळी वाढवून घेतली. 3 एमएम प्लेट एका चौरस मीटरला साधारण 25 किलो भरते, माझ्या हौद्याला म्हणजे सव्वाशेच्या जवळपास. हे सगळं वजन मालाच्या वाट्यातून जातं, ग्रॉस 3490 काही वाढत नाही.

आता मूळ प्रकार सांगतो. दोन-तीन महिन्यांतच गाडी मागे बसायला लागली, तर सगळे म्हणले पाटा (स्प्रिंगची लोखंडी पट्टी) वाढव, सगळेच वाढवतात. मी मागे दोन्हीकडे एकेक पाटा वाढवून घेतला. गाडी एकदम ताठ उभी राहिली, 75 क्रेट टाकले तरी बसेना, मी खूश. मग एका रात्री माळशेज घाट उतरताना, पाऊस नव्हता, गाडी तिसऱ्या गिअरवर होती आणि मी ब्रेकवर ब्रेक मारत होतो, मधल्या वळणांत पुढच्या चाकातून जळका वास यायला लागला आणि पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. दुसरा टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत कशीबशी बाजूला घेतली, अर्धा तास उभे राहिलो. सोबत चुलतभाऊ होता, तो काहीच बोलला नाही, नुसता दरीकडे बघत होता. ती रात्र मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी आळेफाट्याच्या मिस्त्रीने गाडीखाली जाऊन दाखवलं. मागच्या एक्सलच्या हाऊसिंगपासून एक रॉड वर चासीवरच्या व्हॉल्व्हला जोडलेला असतो, एलएसपीव्ही म्हणतात. माल भरला की चासी खाली बसते, रॉड हलतो, मग व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. रिकामी असली की मागचं प्रेशर कमी करतो म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. आता मी पाटा वाढवल्यामुळे चासी बसतच नव्हती, व्हॉल्व्हला वाटतंय गाडी रिकामीच आहे, मागचे ब्रेक अर्धेच लागतायत आणि पावणेचार-चार टनाची गाडी पुढची दोन चाकं एकटी थांबवतायत. पाटा वाढवून गाडीची ताकद वाढत नाही भावांनो, फक्त ती बसलेली दिसत नाही. हाऊसिंग तेच, बेअरिंग तीच, टायर तेच, ब्रेक तेच.

तिथून निघालो तो थेट भुईकाट्यावर. रिकामी गाडी, फुल डिझेल, आत मी एकटा: 2070 किलो. 3490 मधून वजा करा, उरले 1420, सोबतचा माणूस 65 चा धरला तर 1355. म्हणजे शीग न लावता 22 किलोचे 61 क्रेट. मी 75 टाकत होतो. त्या माळशेजच्या रात्री हिशोबाने गाडी 3935 किलो असणार, साडेचारशे जास्त. पकडलो असतो तर 20 हजार दंड, वर जादाच्या प्रत्येक टनाला 2 हजार, आणि माल तिथेच उतरवायचा खर्च आपला. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून हेच आहे. पण खरं सांगू, मला दंडाचं काही वाटलं नाही, चुलतभावाचं वाटलं.

मग वाढवलेले पाटे काढले, व्हॉल्व्हचा रॉड नीट सेट करून घेतला, चेकर्ड प्लेट काढून रबर मॅट टाकली. आता रिकामी 1980 भरते, 65 क्रेट भरतो, तेही शीग न लावता. खेपेला पाचशे-सहाशे कमी मिळतात हे खरं आहे, खोटं कशाला बोलू. पण मागचे लायनर आणि पुढचे पॅड चांगले टिकतायत, आणि घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी आपणहून धरून राहते, ब्रेकला फार हात लावावा लागत नाही.

वजन कुठे ठेवलंय तेही बघा. भुईकाट्यावर आधी नुसती पुढची चाकं चढवून वजन घ्यायचं, मग पूर्ण गाडीचं, वजाबाकी केली की मागच्या एक्सलवर किती ते कळतं. एकदा सळई भरली होती, एकूण वजन बरोबर होतं पण सगळा भार मागच्या फाळक्याच्या बाहेर, तर पुढचं वजन रिकाम्या गाडीपेक्षा कमी आलं आणि स्टेअरिंग पाण्यात चालवल्यासारखं हलकं. जड माल केबिनच्या पाठीला लावून सुरुवात करायची. रात्री समोरचे सारखे डिपर मारायला लागले तर गाडीचं नाक वर गेलंय समजा, हेडलाईट खाली करायचं बटण त्यासाठीच असतं.

टायरवर साईझच्या शेवटी एक आकडा असतो तो वाचा. 116 म्हणजे एका टायरला 1250 किलो, 100 म्हणजे फक्त 800. स्वस्त मिळतोय म्हणून मागे 100 वाले टाकले तर दोन मिळून 1600, आणि भरल्या गाडीला मागेच दोन-सव्वादोन टन असतात.

भाड्याला बोलावणारे विचारतात अर्धा ब्रास वाळू टाकाल का. ब्रास म्हणजे 100 घनफूट, वाळू साडेचार टनाच्या आसपास, अर्धा ब्रास सव्वादोन टन. नाही टाकत. सिमेंट 28 गोण्या, बास. पाण्याला 2000 लिटरची टाकी अर्धी भरून नेणं सगळ्यात वाईट, वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी त्याच्यामागे जाते, म्हणून 1000 ची टाकी घेतली आणि तोंडापर्यंत भरतो.

काट्याला 50-100 रुपये लागतात. नवीन प्रकारचा माल असला की मी अजून काटा करतोच, पावत्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवल्यात, कांद्याची वेगळी, टोमॅटोची वेगळी. परवा एक शेतकरी म्हणला दादा अजून दहा क्रेट घ्या, जागा आहे की. मी पावती दाखवली, त्याने ते दहा क्रेट दुसऱ्या गाडीत टाकले.