एनव्हिडियाचं जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड घ्यावं की जुनं जीटीएक्स ७५० टीआय?

नवं म्हणून १०३० (२०१७) उचलायला जाल तर फसाल. गेमिंगमध्ये २०१४ चं ७५० टीआयच पुढे आहे: ६४० कोअर (हिशोब करणारे छोटे भाग), १२८ बिट बस (मेमरीकडे डेटा नेणारा रस्ता), मेमरीचा वेग सेकंदाला ८६ जीबी. १०३० मध्ये कोअर ३८४, बस ६४ बिट आणि वेग ४८ जीबी. त्यातही मेख अशी की १०३० चा डीडीआर४ (साध्या, संथ मेमरीचा) अवतारही त्याच नावाने विकला जातो. त्याचा वेग जेमतेम १७ जीबी, म्हणजे गेमसाठी कुचकामी. ४८ जीबीवाला अवतार जीडीडीआर५ मेमरीचा, तेव्हा खोक्यावर ‘जीडीडीआर५’ छापलेलं बघा. सेकंडहँड असेल तर पैसे देण्याआधी जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये ‘मेमरी टाइप’ तपासा.

१०३० ची जमेची बाजू वीज: ३० वॅट, वेगळी वायर नको, पातळ कॅबिनेटमध्येही लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड बसतं. ७५० टीआय ६० वॅट घेतं. काही मॉडेलना ६ पिनची वायर लागते, ती ऑफिसच्या जुन्या ब्रँडेड पीसीत बहुधा नसतेच. गेम रेकॉर्ड करायचे असतील तर १०३० बादच, त्यात एनव्हीएन्क एन्कोडर (व्हिडिओ रेकॉर्ड करायला लागणारा कार्डातला भाग) नाही. दोन्हींत मेमरी सहसा २ जीबी, तेव्हा गेमच्या सेटिंगमध्ये टेक्श्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) ‘लो’वरच ठेवा, नाहीतर गेम अडखळतो.