भिलार की मालगुंड?

बडोद्यातल्या आमच्या वाचणाऱ्या घोळक्यात दर सुट्टीआधी हाच वाद रंगतो.

भिलार म्हणजे पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं पुस्तकांचं गाव, सुरुवात मे 2017 ची. लोकांच्या घरातच कपाटं आहेत. ओसरीवर बसून वाटेल ते वाचा, बाहेर स्ट्रॉबेरीचे मळे. लेकरांना घेऊन जायचं तर बेलाशक इथेच जा. पुण्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी.

मालगुंड मात्र मला आतून ओढतं. कवी केशवसुतांचं जन्मगाव, जन्म 1866 सालचा, गणपतीपुळ्याला लागूनच. त्यांचं घर नीट जपलंय, आवारात कविता शिळांवर कोरल्यात. मी एका शिळेवरच्या अक्षरांच्या खाचांतून बोट फिरवत ओळ वाचली होती. रात्रीच्या पावसाचं पाणी अजून त्या खाचांत होतं. ती ओळ शाळेत घोकलेली, पण पहिल्यांदा कळली ती तिथे. आणि हा कवी शिकायला काही काळ आपल्या बडोद्यातही होता, म्हणून तर जास्तच जवळचा वाटतो. रत्नागिरीपर्यंत थेट गाडी मिळते.

पुस्तकं तर आपल्या मांडवीतल्या सेंट्रल लायब्ररीतही ढिगाने आहेत. पण केशवसुतांच्या घराचा तो उंबरठा तिथे नाही. मी यंदाही मालगुंडचंच तिकीट काढतेय.