शौचातून रक्त येणारं मूल: दुर्बीण की कमी मात्रेचा सिटी?

मूल चार-पाच वर्षांचं आहे, खातंय, खेळतंय, पोट दुखत नाही, पण शौचाच्या शेवटी लालभडक रक्त पडतं. घरात कुणी उष्णता म्हणतं, कुणी मूळव्याध. या वयात मूळव्याध क्वचितच असते. आधी कडक शौचामुळे गुदद्वाराला चीर पडली आहे का, ते पाहायचं. चीर नसेल तर संशय ज्युव्हेनाइल पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर देठाने लोंबणाऱ्या छोट्या गाठीचा. ती बहुधा एकच असते, गुदाशयात किंवा त्याच्या जरा वर, आणि कर्करोगाची नसते.

इथे पालक विचारतात: भूल देऊन गुदद्वारातून दुर्बीण घालण्यापेक्षा (कोलोनोस्कोपी) सिटी कोलोनोग्राफी, म्हणजे क्ष-किरणांच्या स्कॅनने मोठ्या आतड्याची तपासणी, केली तर?

सिटीत आत काही घालत नाहीत, हा समज आधी दूर करायला हवा. गुदद्वारातून बारीक नळी घालून हवा किंवा कार्बन डायऑक्साइड भरावा लागतो, तरच आतडं फुगून भिंत दिसते. पोट साफ करण्याचं औषध दोन्हीकडे प्यावं लागतं, आणि मुलांचे खरे हाल तिथेच होतात. मग उताणं आणि पालथं झोपवून दोनदा स्कॅन. प्रत्येक स्कॅनला काही सेकंदच लागतात, त्यामुळे श्वास रोखू शकणाऱ्या मोठ्या मुलाला सहसा भूल लागत नाही. तीन वर्षांच्या मुलाचं तसं नाही.

माझं मत मात्र दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं. सिटीत पॉलिप दिसला तरी तो काढायला दुर्बीणच लागते. म्हणजे पुन्हा ते औषध, पुन्हा उपाशी राहणं, आणि भूलही द्यावी लागतेच. कोलोनोस्कोपीत त्याच वेळी गाठ फासात धरून कापतात आणि तपासणीला पाठवतात. शिवाय ६ मिलिमीटरपेक्षा लहान गाठी सिटीत निसटू शकतात, आणि सूज किंवा व्रण असतील तर तुकडा तपासल्याशिवाय निदान पुढे जात नाही. दुर्बिणीतही आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो. तो अगदी कमी आहे, पण डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

किरणांचं काय? निसर्गातून माणसाला वर्षाला जगात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) मिळतात. मुलाच्या वजनाप्रमाणे नीट बेतलेला कमी मात्रेचा स्कॅन काही मिलिसीव्हर्टमध्ये होतो. एका स्कॅनचा धोका लहान आहे, पण वाढत्या पेशी किरणांना जास्त संवेदनशील असतात. घराण्यात शेकडो पॉलिपांचा आजार असेल तर साधारण दहा-बारा वर्षांपासून पुन्हा पुन्हा तपासणी लागते. तिथे दुर्बीणच हवी.

सिटीला जागा आहे ती अशी: दुर्बीण अरुंद जागेपुढे गेली नाही, किंवा हृदय-फुप्फुसाच्या आजारामुळे भूल धोक्याची आहे. मग विचारा: यंत्रावर मुलांसाठी वेगळी मात्रा ठरवलेली आहे का? आतड्याचे असे स्कॅन वाचण्याचा सराव असलेले रेडिओलॉजिस्ट आहेत का? आणि त्याआधी साधी सोनोग्राफी झाली आहे का? सरावलेल्या हाताला त्यातही बऱ्याचदा पॉलिप दिसतो, आणि किरण शून्य.

बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल, थांबून थांबून किंचाळत असेल आणि रक्त जेलीसारखं असेल, तर ही तुलना बाजूला ठेवा. आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. रात्र असली तरी त्याच वेळी दवाखाना गाठा आणि सोनोग्राफी करून घ्या.