किडनी प्रत्यारोपणानंतर: रक्ततपासणीवर थांबायचं की बायोप्सी करायची?

नवी किडनी बसल्यावर घरातल्या सगळ्यांचं लक्ष क्रिएटिनिनकडे, म्हणजे किडनी जो टाकाऊ पदार्थ गाळून बाहेर टाकते त्याच्या रक्तातल्या प्रमाणाकडे लागतं, आणि ते योग्यच आहे. ही तपासणी स्वस्त आहे, साध्या लॅबमध्येही होते. अडचण एवढीच, की क्रिएटिनिन चढेपर्यंत किडनीला बरीच इजा झालेली असू शकते. शिवाय ते जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं तरी चढतं, टॅक्रोलिमस (शरीराने किडनी नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध) जास्त झालं तरी चढतं, किडनीला होणाऱ्या बीके विषाणूच्या संसर्गामुळे चढतं आणि रिजेक्शनमुळेही, म्हणजे शरीर नवी किडनी परकी समजून तिच्यावर हल्ला करतं तेव्हाही.

दात्याच्या डीएनएची तपासणी इथे एक पाऊल पुढे आहे. किडनीच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. रक्तातल्या मोकळ्या डीएनएमध्ये दात्याचा वाटा किती टक्के, ते मोजतात. हे तुकडे काही तासांत नाहीसे होत असल्याने आकडा ताजी स्थिती दाखवतो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, 102 रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात 1 टक्का ही सीमा धरली होती. आकडा त्यावर असताना 61 टक्के वेळा बायोप्सीत (किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत) सक्रिय रिजेक्शन सापडलं. खाली असताना 84 टक्के वेळा ते नव्हतं. उरलेले 16 टक्के मला फार महत्त्वाचे वाटतात. रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होता येत नाही.

बायोप्सीत सुई टोचावी लागते, काही तास पडून राहावं लागतं, कधी लघवीतून रक्त जातं. पण रिजेक्शन शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींमुळे आहे की अँटिबॉडीमुळे, हे तीच नीट सांगते. पहिल्यात सहसा स्टेरॉइडपासून सुरुवात होते, दुसऱ्यात प्लाझ्मा बदलण्यापर्यंत जावं लागू शकतं. म्हणून क्रिएटिनिन चढत असेल आणि डॉक्टर बायोप्सी सांगत असतील, तर डीएनएच्या रिपोर्टसाठी ती लांबवू नका.

क्रिएटिनिन स्थिर आहे, पण दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या आहेत किंवा गोळ्या चुकल्या आहेत, अशा रुग्णाला डीएनएची तपासणी खरी उपयोगी. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत मात्र आकडा तसाही जास्त असतो. दाता जुळा, हुबेहूब भाऊ असेल तर नेहमीच्या पद्धतीने दोघांचा डीएनए वेगळा ओळखताच येत नाही. आधीची प्रत्यारोपित किडनी अजून शरीरात असेल, तर तेही आधीच सांगा.

या तपासणीचे पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा: आकडा 1 च्या वर आला तर काय करणार, आणि खाली आला तर काय? दोन्हींचं उत्तर बायोप्सीच असेल, तर ते पैसे पुढच्या महिन्याच्या औषधांसाठी ठेवा.