कंपनी बदलली, पॉलिसी तीच: शहापुरातल्या विमावाल्या काकांच्या सेवेबद्दल

बाबांचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला, लिहायला उशीरच झालाय, पण हे लिहायचंच होतं. कारण बेळगावात काय, खानापूर निपाणीकडं काय, अशी कितीतरी घरं आहेत की पॉलिसी घेतली एका कंपनीची आणि आज कार्डावर नाव भलत्याच कंपनीचं आहे. आमचं तेच झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, हा रिव्ह्यू शहापूर खडेबाजारातल्या आमच्या एजंट काकांच्या सेवेचा आहे.

बाबा उद्यमबागेत फाउंड्रीत होते, रिटायर व्हायच्या आधी 2016 ला काकांकडनं हेल्थ पॉलिसी घेतली. मधल्या काळात ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत मर्ज झाली. आम्हाला कळलं कधी, तर रिन्यूअलच्या मेसेजमध्ये वेगळंच नाव आलं तेव्हा, आई तर म्हणाली हा फ्रॉड आहे, पैसे भरू नका. पॉलिसी नंबर बदललेला, जुना नंबर ॲपमध्ये टाकला की एरर, पत्र आलं ते इंग्लिशमध्ये आणि तेही माझ्या बंद पडलेल्या ईमेलवर. मी फोन केला तर काका म्हणाले, घाबरू नकोस, फाईल घेऊन ये.

त्या दिवशी त्यांनी तासभर बसवून समजावलं. म्हणाले, कंपनी मर्ज झाली म्हणून पॉलिसी मरत नाही, जुन्या कंपनीची सगळी देणी नव्या कंपनीच्या डोक्यावर जातात, विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयआरडीएआयची मंजुरी असल्याशिवाय हे होतच नाही. आणि ही काय पहिली वेळ नाही. 1956 ला एलआयसी झाली तीच मुळी 245 कंपन्या नि सोसायट्या एकत्र करून. आमच्याकडं आयएनजी वैश्य लाइफच्या पॉलिसी घेतलेले लोक आहेत ना, ती बेंगळुरूची कंपनी 2014 ला एक्साइड लाइफ झाली आणि 2022 ला एचडीएफसी लाइफमध्ये गेली, म्हणजे पॉलिसी एकच आणि पाट्या तीन. अपोलो म्युनिक 2020 ला एचडीएफसी अर्गोत, भारती ॲक्सा जनरल 2021 ला आयसीआयसीआय लोम्बार्डमध्ये. सहारा लाइफचं तर वेगळंच, तिथं आयआरडीएआयनंच 2023 ला पॉलिसी एसबीआय लाइफकडं दिल्या. उलट नॅशनल, ओरिएंटल नि युनायटेड इंडिया या तीन सरकारी कंपन्या एक करायची घोषणा 2018 च्या बजेटमध्ये झाली आणि 2020 ला ती गुंडाळली, तेवढ्या दोन वर्षांत दुकानाचा विमा काढलेले व्यापारी काकांना रोज विचारायला यायचे.

हे सगळं ऐकायला बरं वाटलं, पण खरी गरज पडली ती हॉस्पिटलात. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. हर्नियाला साधारण दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर तेवढा काळ त्याचा खर्च मिळत नाही, आमची पॉलिसी आठ-नऊ वर्षं जुनी, म्हणून आम्ही निश्चिंत. सकाळी साडेदहाला कॅशलेस काउंटरवरची मुलगी म्हणते, सर, कंपनीकडनं क्वेरी आलीय, पॉलिसीला दोन वर्षं पूर्ण दिसत नाहीत. म्हणजे नव्या कंपनीच्या सिस्टीममध्ये पॉलिसीची सुरुवात मर्जर झाल्यावरची दाखवत होती, मागची सगळी वर्षं गायब! बाबा उपाशी, सलाईन लावलेलं, आणि मी कॉरिडॉरमध्ये फोन लावत उभा. कस्टमर केअरवर वीस मिनिटं हिंदी-इंग्लिशमध्ये नुसतं होल्ड, त्यांना एवढी साधी तारीख कळत नाही याचा मला अजून राग आहे.

काका स्वतःच्या स्कूटरवरनं नेहरूनगरला हॉस्पिटलात आले. हातात निळी प्लास्टिकची फाईल, त्यात 2016 पासूनचं प्रत्येक वर्षाचं पॉलिसीचं पान, जुन्या कंपनीचा लोगो असलेलं पहिलं पान सगळ्यात वर, आणि त्यावर पॉलिसी पहिल्यांदा सुरू झाल्याची तारीख पेन्सिलनं गोल करून ठेवलेली. काउंटरवरच स्कॅन करून घेतलं, कंपनीला मेल टाकला, मेलमध्ये सरळ लिहिलं की मर्जरमध्ये वेटिंग पिरियडची वर्षं पुढं चालू राहतात, 60 महिन्यांचा मोरॅटोरियम (ती मुदत संपली की फसवणूक सोडून माहिती लपवल्याच्या कारणानं क्लेम नाकारता येत नाही) सुद्धा मूळ तारखेपासनंच मोजायचा, आणि कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यायचा 2024 चा नियम आहे. दुपारी सव्वादोनला अप्रूव्हल आलं. एक तास काही पाळला नाही कंपनीनं, पण ऑपरेशन त्याच दिवशी झालं आणि डिपॉझिट भरावं लागलं नाही.

नसतं आलं अप्रूव्हल तर पुढचं पण त्यांनी ठरवून ठेवलेलं, आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, मग आयआरडीएआयचं तक्रारीचं बिमा भरोसा पोर्टल, आणि महिन्यात उत्तर नाही आलं तर विमा लोकपाल, आपल्याला बेंगळुरूचं ऑफिस लागतं, फी काही नाही.

मी काकांच्या ऑफिसात बसलो होतो तेव्हा खानापूरकडची एक आजी कंपनीचं पत्र घेऊन आलेली, पॉलिसी त्यांनी काकांकडनं घेतलेली सुद्धा नव्हती, तरी काकांनी ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली आणि म्हणाले, आजी, यात पैसे मागितलेले नाहीत, फक्त बँकेचं ईसीएस, म्हणजे खात्यातनं हप्ता आपोआप कापायची परवानगी, नव्या नावानं करायचंय. एक रुपया घेतला नाही.

पाचातला एक स्टार कापतोय. दुपारी दीड ते चार ऑफिस बंद असतं, बाहेरगावाहनं आलेल्या माणसानं पायरीवर बसायचं का? व्हॉट्सॲपला उत्तर पण संध्याकाळीच येतं. आणि मर्जर झाल्या झाल्या त्यांनी आम्हाला आपणहून फोन करायला हवा होता, हे मी त्यांना तोंडावर बोललोय, त्यांनी मान्य केलं आणि आता बाकीच्या ग्राहकांना फोन करायला लागलेत. जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जावा आणि जुनी, पिवळी पडलेली पॉलिसीची पानं असतील ती सगळी बरोबर न्या, ते पहिलं तीच मागतात.