क्लासिकल गिटार आणि सरांची शिकवणी: आठ महिन्यांनंतर

यामाहा सी४० ही क्लासिकल गिटार घेऊन आठ महिने झाले. आठवड्यातून दोनदा सरांकडे जातो, घरी रोज रात्री अर्धा तास बसतो.

त्याआधी एका दुकानातून स्टीलच्या तारांची स्वस्तातली गिटार आणली होती. दोन महिने व्हिडिओ बघून झटलो. बोटं सोलवटली, पण एक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धड वाजेना. त्रेचाळिसाव्या वर्षी हे आपल्याला जमायचं नाही, असं मनाने घेतलं होतं. सरांनी पहिल्याच दिवशी बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या दांडीवर) मोजपट्टी उभी धरली. सगळ्यात जाड तार फ्रेटच्या ५ मिलिमीटर वर! ती अडीचच्या आसपास हवी. ‘अहो, ही कुणालाच नीट दाबता यायची नाही,’ ते म्हणाले. मला भरून आलं.

मग त्यांनी विचारलं, वाजवायचंय काय? गाण्याला साथ करायची तर स्टीलच्या तारांची अ‍ॅकुस्टिक घ्या, बोटांनी सूर छेडायचे तर क्लासिकल. माझी बोटं जाड. अ‍ॅकुस्टिकची मान नटपाशी (डोक्याकडे तारा टेकतात त्या पट्टीपाशी) साधारण ४३ मिलिमीटर रुंद असते, सी४०ची ५२. शिवाय बारीक तीन तारा नुसत्या नायलॉनच्या, बोटांना मऊ.

तरीही सी कॉर्डला पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार मुकीच राहायची. सरांनी एकेक तार छेडायला लावली आणि माझा अंगठा मानेवरून खाली ओढून मागे, मधल्या बोटाच्या समोर आणून ठेवला. मनगट सुटलं, तर्जनी उभी राहिली आणि ती तार बोलली. व्हिडिओतल्या माणसाला माझा अंगठा कसा दिसणार?

उणं म्हणाल तर रुंद मानेवर एफचा बारे (एका बोटाने सगळ्या तारा दाबणं) अजून पूर्ण लागत नाही. झणझणीत स्ट्रमिंग (सगळ्या तारांवरून हात फिरवून वाजवणं) हवं असेल त्यांना हा आवाज मवाळ वाटेल. दर्शनी बाजूला फ्रेटच्या खुणा नसतात. मी पाचव्या आणि सातव्या फ्रेटशी मानेच्या कडेला बारीक ठिपके चिकटवलेत. पावसाळ्यात पिशवीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, तरी रोज सूर लावावा लागला.

एक कळकळीने सांगतो: क्लासिकलला स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. त्यांचा ताण दुपटीच्या घरात जातो, ब्रिज (तारा बांधतात ती खालची पट्टी) उखडतो. नायलॉनचाच नवा संच चढवा आणि तारा ताणून बसेपर्यंत चार-पाच दिवस धीर धरा.